सहावा ठिपका देवाचा

मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, हात राहतात. खांदेश्वर स्टेशनाबाहेर कोणी हसून ‘ओळखलंत का?’ म्हणालं, की मी ओळखल्यासारखं हसते आणि हळूच त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला बघते. तिथली शीर दिसली की माणूस आठवतो. याची शीर निसटते, हिला सुई बघून चक्कर येते, याच्या घरी कुत्रा बांधायला सांगावं लागतं. पंधरा वर्षं घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेतल्यावर दुसरं काय होणार?

सकाळी साडेसहाला स्कूटर काढायची, डब्यात बर्फाच्या पिशव्या आणि ट्यूब भरायच्या आणि निघायचं. माणसं उपाशीपोटी वाट बघत बसलेली असतात, आणि उपाशी माणूस चिडका असतो. त्यात सुईची भीती. आमच्या कामात प्रत्येकाची एक युक्ती असते. कोणी पेशंटला खोकायला सांगतं, कोणी पंख्याकडे बघायला सांगतं. माझी युक्ती टॅटूची होती. दंडाला पट्टा बांधता बांधता विचारायचं, ‘हे कधी काढलंत?’ माणूस सांगायला लागला की हात सैल सोडतो. गोष्ट अर्ध्यावर आली की सुई आत. माझा हात हलका आहे असं लोक म्हणतात, त्यात निम्मा वाटा या विचारण्याचा होता.

त्यामुळे मला अनोळखी माणसांच्या पुष्कळ गोष्टी कळल्या. ऐरोलीच्या एका कॉम्प्युटरवाल्या मुलाच्या दंडावर भलामोठा गरुड होता. त्याच्या पंखाखाली एका मुलीचं नाव झाकलेलं होतं, आणि आता जिच्याशी लग्न ठरलं होतं ती दुसरीच मुलगी त्या गरुडाचं कौतुक करत होती. तळोज्याला एका कारखान्यात कामगारांची वार्षिक तपासणी असते, तिथे एकाच्या मनगटावर ‘बी पॉझिटिव्ह’ असं गोंदलेलं होतं. बरोबरच्या माणसाला अपघात झाला तेव्हा त्याचा रक्तगट कोणालाच सांगता आला नव्हता, म्हणून यानं पगार झाल्यावर आपला गोंदूनच घेतला. मी तपासलं तर ‘ओ’ निघाला. दोनदा तपासला, तरी ‘ओ’च. तो बिचारा मनगट चोळत म्हणाला, “मॅडम, कंपनीत कुनाला बोलू नका. लय हसतील.”

कंपनीत मी बोलले नाही. बाकी सगळीकडे बोलले.

कारण एकाची गोष्ट दुसऱ्याकडे चालते, हे मला लवकरच कळलं होतं. ज्यांच्या हातावर काहीच नसायचं त्यांना मी या गोष्टी सांगायचे. रक्तगटाच्या गोष्टीला तर हमखास हसू यायचं. कळंबोलीपासून खारघरपर्यंत शंभर घरांत तरी मी त्या माणसाचं हसं केलं असेल. सोसायट्यांमधल्या बायका म्हणायच्या, “तुम्हीच या हं, तुम्ही आलात की करमतं.” मला ते फार आवडायचं. लॅबमधल्या बाकीच्या मुली सुया टोचतात, मी माणसं जोडते, असं मी नवऱ्याला ऐकवायचे. आणि एक नियम मी स्वतःपुरता करून ठेवला होता: नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही. तेवढं पाळलं की कोणाचं काही बिघडत नाही. हा नियम पाळते म्हणून मी स्वतःला फार सभ्य समजत होते.

खाडीकडच्या एका गावातली आजी माझी दर महिन्याची पेशंट होती. वय पंचाहत्तरच्या पुढे, साखर जुनी. एके काळी ती मिठागरात कामाला जायची. आता त्याच जागी टॉवर उभे आहेत आणि तिच्या घराचे तीन मजले झाले आहेत. वर मुलं-सुना, त्यांच्या वर भाडेकरू, आणि खाली दाराजवळच्या खोलीत ती. मी गेले की ती खाटेवर पाय खाली सोडून बसायची, डावा हात माझ्या पुढे करायची आणि तोंड भिंतीकडे फिरवून म्हणायची, “बोल कायतरी, बाय. मना सुईचा भ्या वाटते.”

डावाच हात, कारण उजव्या हाताला शीर सापडतच नव्हती. पहिल्या खेपेला मी उजव्यावर दोनदा टोचून बघितलं होतं आणि कान धरून माफी मागितली होती. डाव्यावर मात्र शीर छान वर आलेली होती, आणि तिच्या खाली गोंदण होतं. मनगटाच्या वर ओळीनं पाच हिरवे ठिपके, आणि सहावा त्यांच्यापासून लांब, कोपराच्या जरा खाली. भाताची कापणी झाली की गोंदणारी बाई गावात यायची. त्या वर्षी मूल झालेलं असलं की आजी तिच्याकडून एक ठिपका घालून घ्यायची. पाच मुलं, पाच ठिपके. सहाव्याचं विचारलं तर ती म्हणायची, “सावा देवाचा.” एक मुलगी जन्मली तेव्हाच गेली होती, हे सुनेनं मला जिन्यात सांगितलं होतं. मी पुन्हा विचारलं नाही.

एकदा तिचं उपाशीपोटीचं रक्त घेऊन झालं आणि पुढची दोन घरं रद्द झाल्याचा फोन आला. जेवल्यानंतर दोन तासांनी तिचं पुन्हा रक्त घ्यायचं होतं. एरवी मी तेवढ्यात चार घरं फिरून यायचे, त्या दिवशी तिथेच बसले. तिनं तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली, मलाही खायला लावली. सून भाजीला गेली होती. मी सहज म्हणाले, “आजी, देवाचा ठिपका एवढा लांब का घातला? गोंदणारीचा हात घसरला का?”

तिनं हात पदरानं पुसला आणि त्या ठिपक्याकडे बघितलं.

“मीच बोलली तिला, लांब घाल. लांबच हाय ती.” मग म्हणाली, “मेली नाय ती, बाय.”

ती चौथ्या खेपेची मुलगी. आजी माहेरी बाळंत झाली तेव्हा नणंद तिथे आली होती. नणंदेची तीन बाळं एकामागून एक गेली होती. तिचा नवरा मुंबईला गोदीत होता, दोघं तिकडेच खोली घेऊन राहायची. सासूनं शब्द टाकला, नवरा काही बोलला नाही, आणि बाराव्या दिवशी नणंद मुलीला घेऊन मुंबईला गेली. सासरच्या गावात सांगितलं, पोर जगली नाही. नणंदेनं एकच मागणं मागितलं होतं: मुलीला कधी कळू द्यायचं नाही. आजीनं देवासमोर हात ठेवून हो म्हटलं. त्या वर्षी गोंदणारी आली तेव्हा मात्र तिनं हात पुढे केला.

“तोंडानं सांगनार नाय बोलली व्हती,” आजी म्हणाली. “हातानं नाय सांगनार, आसा कुटं बोलली मी?”

मुलगी पुढे इकडेच एका गावात दिली. सणाला मामाच्या घरी येते, आजीला मामी म्हणते. नणंद गेली, तिचा नवरा गेला, सासू गेली, आजीचा नवराही गेला. आता हे माहीत असलेली ती एकटीच उरली होती. “ती गेली तरी शबूद ऱ्हायलाच ना,” ती म्हणाली. “कोनाला बोलू नको हां, बाय.”

मी गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे केलं ते मी निर्दयपणे केलं नाही. मला ती आजी खरंच आवडत होती. त्यामुळे काही फरक पडला नाही, ही वेगळी गोष्ट.

चार महिने मी गप्प राहिले. पाचव्या महिन्यात खाडीच्या पलीकडच्या अंगाच्या एका गावातून नवीन पेशंटचा कॉल आला. बाई पन्नाशीच्या आसपासची, थायरॉइडची तपासणी. तिनं दोनदा हात मागे ओढला. तिचा नवरा शेजारी उभा राहून तिलाच ओरडत होता. मी त्याला पाणी आणायच्या निमित्तानं आत पाठवलं आणि रक्तगटाची गोष्ट काढली. ती जरा हसली, पण हात ताठच. मग मी गरुडाची सांगितली. तरी ताठ.

मग मी म्हणाले, “ताई, एक आजी आहे. तिच्या हातावर सहा ठिपके आहेत आणि मुलं पाच.”

तिला शांत करायचं होतं, असं मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं आहे. खरं हे, की माझ्याजवळ एवढी चांगली गोष्ट होती आणि चार महिने ती कोणाला सांगता आली नव्हती. पोटात राहत नव्हती. आणि माझा नियम होताच की, नाव नाही, गाव नाही. मी साताऱ्याकडची. लग्न करून इकडे आले, फ्लॅटमध्ये राहिले. या पट्ट्यातली गावं मला वेगवेगळी वाटायची, कारण प्रत्येकाचा रस्ता वेगळा आणि प्रत्येकाची कमान वेगळी. इथल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, की या गावांतून त्या गावांत पिढ्यान् पिढ्या लेकी दिल्या-घेतल्यात, कुठल्याही ओट्यावर कोणाचंही नाव काढा, नातं निघतंच. मला रस्ते पाठ होते, माणसं माहीत नव्हती. आणि माणसं जोडते म्हणून मिरवत होते.

मी सांगत गेले. मिठागर सांगितलं, नणंद सांगितली, बारावा दिवस सांगितला. तिचा हात हळूहळू सैल पडला. मला वाटलं, वा, लागू पडली. पहिल्याच टोचणीला शीर मिळाली. ट्यूबमध्ये रक्त उतरायला लागलं.

“तो सावा,” तिनं विचारलं, “कुटंशी हाय?”

मी माझं बोट तिच्याच हातावर ठेवलं, सुईच्या खाली चार बोटांवर. “इथं. बाकीच्यांपासून लांब.”

“आन् घरच्यांना काय सांगते ती?”

मी उत्तर द्यायच्या आधी तीच म्हणाली, “सावा देवाचा.”

अगदी त्याच सुरात म्हणाली. आजी ‘देवाचा’ म्हणताना ‘वा’ लांबवते, तसाच लांबवून. सुई अजून तिच्या शिरेत होती आणि दुसरी ट्यूब लावायची राहिली होती. मला कळलं, आणि मी ट्यूब बदलली. एवढंच केलं. पंधरा वर्षांची सवय, हात आपोआप चालतो.

“मामी हाय ती माजी,” ती म्हणाली. “ल्हानपनी तिच्या मांडीवर बसून मोजायची मी. दर खेपेला इचारायची, पाच पोरा, मंग यो कोनाचा?”

आतून नवरा पाणी घेऊन आला. तिचा चेहरा बघून त्यानं विचारलं, काय झालं. “काय नाय,” ती म्हणाली, “रगत काडतान ना.”

मी सुई काढली, कापूस दाबला आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात फालतू वाक्य बोलले: “अहो ताई, अशा ठिपक्यांच्या आज्या गावोगावी असतात.” तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती आपल्या हातावर, मी बोट ठेवलं होतं तिथे बघत होती. मी ट्यूबवर तिचं नाव लिहिलं, वय लिहिलं, सही घेतली आणि जिना उतरले.

तिथून आजीचं घर स्कूटरवर पंचवीस मिनिटं. सरळ जायला हवं होतं. आजी, माझ्या तोंडून गेलं, ती येईल, तू तयार राहा, एवढं सांगायला हवं होतं. मी गेले नाही. नमुने खराब होतील म्हणून आधी लॅब गाठली, असं स्वतःला सांगितलं. मग दुपार झाली, मग दुसरा दिवस झाला. नऊ दिवसांनी आजीची तारीख होती. मी लॅबला सांगितलं, माझी कंबर धरली आहे, तिकडे दुसरी मुलगी पाठवा. ती मुलगी परत आल्यावर म्हणाली, “ती म्हातारी विचारत होती, ती बाय का नाय आली म्हणून.” पुढच्या महिन्यात मी मुलाची परीक्षा पुढे केली. मुलाला सुट्टी होती.

हे लिहितानाही मला लाज वाटते आहे, आणि ती फक्त जुन्या गोष्टीची नाही. आत्ता मी तेच करते आहे, नाव नाही, गाव नाही म्हणत पुन्हा तीच गोष्ट सांगते आहे. ठिपक्यांचा आकडा मी बदलला आहे, जागा बदलली आहे, नात्यातही फिरवाफिरव केली आहे. तेवढं तरी शिकले. पण गोष्ट पोटात राहत नाही ती नाहीच. कोणी म्हणेल, मग लिहिता कशाला?

तिसऱ्या महिन्यात ती दुसरी मुलगी नोकरी सोडून गेली आणि मला जावंच लागलं. दारात सून भेटली. तिला कशाचाच पत्ता नव्हता, ती आपली मला नेहमीसारखं जिन्याशी थांबवून सांगायला लागली. “आमच्या आतेसासूबायची लेक आलेली मधी. आईंच्या खोलीत अर्धा तास बसली, दार लोटून. मी चा घेऊन गेले तर आईंचा हात धरून बसलेली, नुसती. चा न घेताच गेली. आता गनपतीला पन नाय आली, मामाच्या घरी पहिल्यांदा नाय आली ती. आई काय सांगत नाहीत. बोलनाच कमी झालाय त्यांचा. साखर वाढली आसंल का?”

मी म्हणाले, बघू, तपासू.

आजी खाटेवर पाय खाली सोडून बसली होती. अंगात नातवाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट होता, उन्हाळ्यासारखं गरम होत होतं तरी डाव्या मनगटाचं बटण लावलेलं. उजवी बाही मात्र कोपरावर दुमडून तयार होती. मी समोर बसले. काय बोलायचं ते वाटेत तीनदा ठरवलं होतं, त्यातलं एकही आठवेना. तिनं उजवा हात पुढे केला.

“आजी, याला शीर नाही.”

“याच्यातला घे.”

मी पट्टा बांधला. बोटानं चाचपत राहिले. पहिल्या टोचणीला काही आलं नाही. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं नाही, सुईकडेच बघत होती. मी सवयीनं तोंड उघडलं, तिला भीती वाटते म्हणून.

“बोलू नको, बाय,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

दुसऱ्या टोचणीलाही आलं नाही. तिच्या हातावर निळं व्हायला लागलं होतं. तिसऱ्याला आलं, थेंब थेंब. ट्यूब भरेपर्यंत आम्ही दोघी त्या ट्यूबकडेच बघत होतो. मी मान वर न करता म्हणाले, “आजी, माझं चुकलं.”

मी सुई काढली. ती म्हणाली, “मना का दिलास, आसा नाय इचारला तिना. मना वाटला, त्योच इचारल. पन्नास वर्सा त्याचा जबाब करून ठेवलेला मी.” तिनं कापूस माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच दाबून धरला. “तिना इचारला, परक्या बायला सांगतलास, मंग मना का नाय?”

मी ट्यूबवर तिचं नाव लिहिलं, वय लिहिलं.

मी अजून दर महिन्याला जाते. दुसऱ्या कोणाला पाठवायचं आता मी सुचवत नाही. टॅटूचं कोणाला विचारत नाही, पंख्याकडे बघा म्हणते. लोक म्हणतात, तुमचा हात पूर्वीसारखा राहिला नाही. आजी खाटेवर बसलेली असते, डावी बाही बटण लावून बंद, उजवा हात पुढे. मी गप्प बसून शीर शोधते. कधी तिसऱ्या टोचणीला मिळते, कधी चौथ्या.